उशिरी

पाय तिनंच मोडून दिले होते. प्रत्येक फुलपाखराचा एकेक, डाव्या बाजूचा मधला, बारीक चिमट्यानं. बावीस वर्षं कपाटात पडून ते इतके ठिसूळ झाले होते की चिमटा नुसता टेकवला तरी तुटत, आणि तुटताना आवाज मुळीच होत नसला तरी तिला तो दर वेळी ऐकू आल्यासारखा वाटे. एकोणीस फुलपाखरं, एकोणीस पाय, एकोणीस नळ्या. कीटक विभागाची प्रमुख होऊन तिला अकरा वर्षं झाली होती, पण नळ्यांवर आकडे घालायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. मग ट्रे तिसऱ्या मजल्यावर जनुकवालीकडे पाठवून दिला. जनुकवाली हे नाव संग्रहालयाच्या शिपायांनी पाडलेलं. पस्तिशीची, जाड चष्म्याची, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी ही संशोधक नव्या प्रयोगशाळेत रुजू झाली तेव्हा त्या खोलीत नक्की काय चालतं हे कुणालाच सांगता येईना, आणि ‘ती बाई जनुकं काढते’ एवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानलं. सात आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, जनुकवाली एक कागद घेऊन खाली आली. दारात घुटमळली, आत आली, कागद टेबलावर ठेवला आणि परत उचलला.

“मॅडम, जरा बसून बघा.”

“बसलेलीच आहे की मी.”

“हो, ते दिसतंय. म्हणजे, घाई न करता बघा.”

कागदावर आडवं पडलेलं एक झाड होतं. डावीकडे बुंधा, उजवीकडे बारीक होत गेलेल्या फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक आकडा आणि प्रत्येक आकडा म्हणजे एक पाय. वर, डोंगरमाथ्याच्या रानातले तीस पाय एका घरातल्या भावंडांसारखे दाटीवाटीनं बसले होते. खालच्या दरीतले आपले एकोणीस तिनं त्याच दाटीत शोधले. सापडेनात. बोट खाली खाली नेत ती कागदाच्या तळाशी गेली. तिथे पार बुंध्याजवळून फुटलेली एक वेगळीच फांदी होती आणि तिच्या टोकाला ते एकोणीसच्या एकोणीस होते. आजूबाजूला कुणी नाही.

“नळ्या बदलल्या असतील,” ती म्हणाली.

“मलाही तेच वाटलं. म्हणून दोनदा केलं. मग परत एकदा.” जनुकवाली आता खुर्ची ओढून बसली. “वरची आणि खालची एक नाहीत, मॅडम. वेगळ्या होऊन सात-आठ लाख वर्षं झालीयेत. फक्त पंखांवरची नक्षी ठरवणारा तुकडा दोघींचा सेम टू सेम आहे. केव्हातरी त्यांच्या पूर्वजांचा संकर झाला असणार आणि तेवढा तुकडा इकडून तिकडे गेला. तोच टिकला, कारण ती नक्षी म्हणजे पक्ष्यांना ‘आम्ही कडू आहोत’ असं सांगणारी पाटी. बाकी सगळं वेगळं. दोन घरची माणसं आणि शिंपी एकच, असं झालंय.” ती स्वतःच्याच उपमेवर खूश होऊन हसली आणि मग, समोरचा चेहरा बघून, घाईनं म्हणाली, “पंख बघून कुणालाच कळलं नसतं. कुणालाच.”

खिडकीबाहेर माळी पाइपनं हिरवळीवर पाणी मारत होता आणि त्या पाण्याचा फरशीवर पडल्यासारखा एकसुरी आवाज खोलीत येत होता. “आता ताजे नमुने लागतील,” जनुकवाली उत्साहानं सांगत होती. “जिवंत मिळाले तर फारच छान. खालच्या दरीत कधी जायचं आपण? मी कधीही तयार आहे.”

“खालची दरी नाही.”

“नाही म्हणजे?”

“पाण्याखाली आहे. धरण झालं तिथं.”

“केव्हा?”

“एकवीस वर्षं झाली.”

जनुकवालीनं कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, चष्मा काढून ओढणीनं पुसला. मग हळूच कागद तिथेच ठेवून निघून गेली. या वेळी जिन्यावर पावलं एकेका पायरीवर वाजली.

कुणालाच कळलं नसतं, हे खरं नव्हतं. एका माणसाला कळलं होतं. तो वाटाड्या होता. तीन वर्षं, प्रत्येक हंगामात, तो तिच्या पुढे पाच-सहा हातांवर चालला होता. त्याच्या मानेवरच्या सुरकुत्या आणि उजव्या पायाचा किंचित फेंगडेपणा तिला त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होता. दरीत हवा ओली आणि जड असे, श्वास घेताना काहीतरी गिळल्यासारखं वाटे. कुजक्या पानांचा, ओल्या सालीचा आणि कुठल्यातरी फुलाचा वास एकमेकांत असा मुरलेला असे की शहरात परतल्यावर आठवडाभर तो तिच्या केसांना येई. एकदा सकाळी नऊच्या सुमाराला ती जाळी घेऊन उतावीळपणे झुडपं हलवत होती. वाटाड्या दगडावर बसून राहिला होता. “बाई, उगाच दमताय. ती उशिरी आहे,” तो म्हणाला. कोण उशिरी, असं तिनं विचारलं. “ही खालची. वरची बघा, दिवस उगवला की कामाला लागते. ही डोक्यावर ऊन आल्याशिवाय पंख उघडत नाही. आमच्यात तिला उशिरीच म्हणतात.” ती हसली. खाली सावली जास्त म्हणून उशिरा तापत असेल, असं तिनं त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. मग थोड्या वेळानं, जणू स्वतःशी, म्हणाला, “मधल्या पायवाटेवर दोघी भेटतात कधीकधी. पण एकमेकींकडे ढुंकून बघत नाहीत. नर येतो, वास घेतो, निघून जातो.” हे तिनं वहीत लिहून घेतलं होतं. ती वही अजून होती. त्या ओळीखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘रंजक, पण ऐकीव.’

ऐकीव कसलं? त्याच्या डोळ्यांदेखतचं होतं. पण त्या वर्षी तिला दोन घरं एक करायची होती. जुन्या काळच्या हौशी संग्राहकांनी प्रत्येक टेकडीवर एकेक नवी जात शोधल्याचा सपाटा लावला होता आणि तो पसारा आवरणं हे तिच्या पिढीचं काम आहे असं तिला वाटे. वरची आणि अजून नावही न पडलेली खालची एकच, असा तिचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचं कौतुक झालं. परदेशातून दोन पत्रं आली. पंख तेच, नरांचे जननावयव तेच, मागच्या पंखाखाली एक ठिपका तेवढा कमी-जास्त. ठिपक्यावरून जात ठरवायची तर माझ्या आणि माझ्या भावाच्या गालांवरच्या तिळांवरून दोन जाती कराव्या लागतील, असं ती तेव्हा सभेत म्हणाली होती आणि लोक हसले होते.

मग पाटबंधारे खात्याचं पत्र आलं. दरीत बुडणाऱ्या क्षेत्रात इतरत्र आढळत नाही असं काही आहे काय, तज्ज्ञ म्हणून आपलं मत कळवावं. आई तेव्हा रुग्णालयात होती. दुपारभर वॉर्डाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, मांडीवर फाइल घेऊन, तिनं ते मत लिहिलं. अकरा ओळी. ‘सदर प्रकार डोंगरमाथ्यावरील संरक्षित जंगलात विपुल आढळतो. सबब स्वतंत्र संवर्धनाची आवश्यकता दिसत नाही.’ सही करताना आतून नर्सनं हाक मारली आणि सहीची शेपटी लांब गेली. आईच्या आजारपणावर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती स्वतःला ओळखून होती. आई ठणठणीत असती, टेबल-खुर्ची असती, आठवडाभर वेळ असता, तरी तिनं त्याच अकरा ओळी लिहिल्या असत्या. अक्षर तेवढं बरं आलं असतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भाऊ मागच्या खोलीत कवळी घासत होता. तो दंतवैद्यांना कवळ्या करून द्यायचा. खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले असत, कुणाचे ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून. हिचं लग्न झालंच नव्हतं, आणि आई गेल्यानंतर वर्षभरात त्याची बायको त्याला सोडून गेली, तेव्हापासून दोघं पुन्हा लहानपणीसारखी एका छताखाली आली होती. तिनं हातपाय धुतले. नळाला पाणी जोरात येत होतं. या शहराला पाणी त्याच धरणाचं. पहिल्या वर्षी तिला नळ सोडताना काहीतरी होई. मग होईनासं झालं. माणसाला सवय होते आणि सवय झाल्याचंही कळत नाही.

“ताई, कवळी विसरून आलेल्या माणसासारखी काय जेवतेयस?” भाऊ म्हणाला. “भात चावायचा असतो.”

तिनं त्याला सांगितलं. सगळंच. झाड, फांदी, एकोणीस पाय. तो ऐकताना एका हातानं ताटातला घास सारखा नीट करत राहिला.

“म्हणजे तू चुकलीस,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“पण तेव्हा हे मशीन नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“मग?” तो म्हणाला. “माझं माप चुकलं तर मी कवळी परत घासून देतो. तुझ्यात तसं काही असतं का?”

“नसतं.”

“मग जेव.” त्यानं तिच्या ताटात भाजी वाढली. थोड्या वेळानं, उठता उठता, त्यानं विचारलं, “आणि ती अळ्यांची टोपली? तो माणूस आणायचा ना तुझ्याकडे? आईच्या दिवसांत तू सांगितलं होतंस मला. एवढंच आठवतंय, टोपली होती काहीतरी.”

टोपली ती विसरली नव्हती. ती तिनं फक्त अशा जागी ठेवली होती की तिकडे जायची वेळ येणार नाही. शेवटचा हंगाम. धरणाची भिंत पूर्ण झाली होती आणि दरवाजे बंद व्हायला चार महिने होते. खालचं रान तोडून झालं होतं, मधोमध ओढ्याकाठी एक पट्टा तेवढा उभा होता. संग्रहाला नमुने हवेत म्हणून ती गेली होती. हवा कोरडी झाली होती, झाडं पडल्यावर वासही पडला होता. तिथे वाटाड्या बांबूची एक झाकणाची टोपली घेऊन आला. आत वेलीची ताजी पानं आणि पानांवर अळ्या, हिरव्या, पाठीवर पिवळी रेघ असलेल्या, टोपलीभर. “बाई, या वर नेऊन सोडू? वेल वरही आहे. मी बघून आलोय.” तिला तेव्हा फार थकवा आला होता. आईला जाऊन दहा दिवस झाले होते. ती म्हणाली, “वर आहेतच त्या. उगीच भेसळ नको.” तो तरी उभाच राहिला. मग तिनं आवाज चढवला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. “एकदा सांगितलं ना? जिथून आणल्यास तिथं ठेवून ये.” त्यानं झाकण लावलं. “बरं,” म्हणाला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. बातमी तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि ते खुर्चीत मावत नव्हते. “अभिनंदन! नवी जात, आणि तीही आपल्याच कपाटात! संस्थेच्या महोत्सवी वर्षात याहून चांगलं काय हवं?”

“ती नामशेष आहे, सर.”

“हो हो, ते आलंच. ते दुसऱ्या परिच्छेदात येईल.” त्यांनी चहा मागवला. “नाव काय द्यायचं ते बघा. नव्या दालनासाठी देणगी दिलेले आपले ते गृहस्थ आहेत, त्यांच्या आईच्या नावानं दिलं तर? सुचवतोय फक्त.” ती म्हणाली की या जातीबद्दलचं मूळ मत तिचंच होतं आणि ते चुकलं होतं, हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं. संचालकांनी चमचा बशीत ठेवला. “मॅडम, चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? विज्ञान पुढे जातं, एवढं लिहा. ते खोटं थोडंच आहे?” खोटं नव्हतंच. ती विचार करत होती की खोट्यापेक्षा हे जास्त सोयीचं आहे. टेबलाच्या काचेखाली त्यांच्या नातवंडांचे फोटो होते, एका फोटोत मुलीनं कागदाचे पंख लावले होते, आणि ते पंख कुठल्या जातीचे ते तिच्या डोक्यानं तिला न विचारता ठरवून टाकलं.

मसुदा तिनं त्याच दुपारी लिहिला. चूक पहिल्या परिच्छेदात, स्वतःच्या नावानं. तो वाचून बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. उलट ते वाक्य फार स्वच्छ दिसत होतं, इस्त्री केल्यासारखं. कबुलीजबाबालासुद्धा एक ऐट असते. हे ज्याला सांगायचं तो माणूस असले निबंध वाचणार नव्हता.

तो कुठे असतो हे तिला ठाऊक होतं. दरीतल्या माणसांना शहराच्या कडेला वसाहत बांधून दिली होती आणि सहा वर्षांपूर्वी, एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर, तिच्या गाडीसमोरचा दांडा वाटाड्यानंच वर केला होता. खाकी गणवेश, डोक्यावर टोपी, कानाशी पांढरे केस. ती मान त्यानं वळवली आणि तिनं ती ओळखली. त्या क्षणी तिनं फोन कानाला लावला होता. फोनवर कुणीही नव्हतं.

गुरुवारी ती गाडी न घेता बसनं गेली. वाहनतळ इमारतीच्या पोटात होता. उतरती काँक्रीटची वाट, ट्यूबलाइटचा पांढुरका उजेड, तेलाचा आणि गरम रबराचा वास. वाटेच्या तोंडाशी काचेची एक अरुंद चौकी होती. तो आत स्टुलावर बसला होता. तिनं काचेवर टकटक करायच्या आधीच उठला.

“बाई?”

“ओळखलंत?”

“तर काय. मागे आला होतात ना इथं, निळ्या गाडीतून. फोनवर होतात, म्हणून हाक मारली नाही.” त्यानं स्टूल फडक्यानं पुसून तिच्याकडे सरकवलं. “बसा. मला उभंच राहावं लागतं, गाड्या येतात.”

तिचे कान तापले. ती बसली. काय काय सांगायचं ते बसमध्ये तिनं नीट लावून ठेवलं होतं, पण आता ते क्रमानं येईना. तिनं एकदम शेवटचंच सांगितलं. “तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. उशिरी वेगळीच होती. वरची नव्हे ती. आता तपासणीत निघालं.” एक गाडी आली. त्यानं दांडा वर केला, चिठ्ठी दिली, दांडा खाली आणला. मग वळला. तिनं पुढचं सांगितलं, सरकारला दिलेल्या कागदाचं. आपण तिथे काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही. “मी तुमचं म्हणणं वहीत घेतलं आणि कागदावर घेतलं नाही. चूक माझी आहे. हे सांगायलाच आले.”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा तिनं कधी इतका वेळ सरळ बघितला नव्हता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची राखी झाक आली होती.

“कागदावर लिहिलं असतंत तर भिंत थांबली असती?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही. बहुतेक नसती.”

“मग झालं तर. आमची घरं होती तिथं, माणसं होती, ती सगळी कागदावर होतीच की. त्यानं कुठं थांबली?” हे तो कडवटपणे म्हणाला नाही. बसचा मार्ग सांगावा तसं म्हणाला. तिला वाटलं, त्यानं ओरडावं. निदान उशिरीचं नाव माझ्यासमोर काढू नका एवढं तरी म्हणावं. पण तो गणवेशाचं वरचं बटण चाचपत होता, काढत होता, लावत होता.

“बाई, माझंही एक सांगायचं राहिलंय,” तो म्हणाला. “तुम्ही रागवाल.”

“नाही रागावणार.”

“ती टोपली. तुम्ही म्हणालात, जिथून आणल्या तिथं ठेव. मी नाही ठेवल्या.” पुन्हा गाडी आली. दांडा वर, चिठ्ठी, दांडा खाली. तेवढ्या वेळात ती स्टुलावर पुढे सरकली. “त्याच दिवशी वर घेऊन गेलो. त्रेचाळीस होत्या, मोजलेल्या. वेलीवर एकेक करून सोडल्या. वर गारठा होता. मी तिथंच राहिलो, माझी घोंगडी त्या वेलीभोवती गुंडाळली. दुसऱ्या दिवशी खायच्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी काळ्या पडायला लागल्या आणि टपाटपा खाली. वरचीच्या अळ्या शेजारच्याच पानावर मजेत चरत होत्या, आणि या अशा. मला वाटलं, तुम्ही नको म्हणाला होतात ते यासाठीच. तुम्हाला ठाऊक होतं. मी शहाणपणा केला आणि त्रेचाळीस जीव मारले. खाली ठेवल्या असत्या तर पाणी चढायच्या आत फुलपाखरं होऊन उडून तरी गेल्या असत्या कुठंतरी. तुम्ही मुक्काम हलवेपर्यंत रोज वाटायचं, सांगावं. पण तुम्ही चिडला होतात. आणि आई गेलेली तुमची.”

शेजारच्याच पानावर. तिच्या डोक्यात ते आपोआप मांडलं गेलं, जसं गेली पस्तीस वर्षं मांडलं जात आलं होतं. एकच वेल, एकच गारठा, एका जातीच्या अळ्या मरतात, दुसऱ्या जातीच्या चरतात. याहून स्वच्छ पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला असता? मशीन लागलं नसतं, पाय मोडावे लागले नसते. तो खाली परतला तेव्हा ती अजून दरीतच होती. ओढ्याकाठचा पट्टा उभा होता, त्यावर अळ्या होत्या. आणि दक्षिणेला दोन दिवसांच्या चालीवर एक दुसरी छोटी दरी होती, तितकीच खोल, तितकीच उबदार, तिथेही वेल होती. ती आजही आहे, कुणी हात लावलेला नाही. दोन टोपल्या पुरल्या असत्या. त्यानं तोंड उघडलं असतं तर तिनं स्वतः डोक्यावर घेऊन नेल्या असत्या. त्यानं उघडलं नाही, कारण आदल्या आठवड्यात ती त्याच्यावर ओरडली होती.

तो तिच्याकडे बघत होता. एक डोळा स्वच्छ, एक राखी. “बाई, खरं सांगा,” तो म्हणाला. “तेव्हाच येऊन सांगितलं असतं, तर काही झालं असतं का?”

मागे एका गाडीनं हॉर्न दिला. त्यानं लक्ष दिलं नाही. परत हॉर्न. तो तसाच उभा, दांड्याच्या कळीवर हात ठेवून.

“नाही,” ती म्हणाली. “काही फरक पडला नसता. त्या जगणारच नव्हत्या. कुठेही नेल्या असत्या तरी.”

“नक्की?”

“नक्की.”

आयुष्यात तिनं जाणूनबुजून खोटं असं विधान फुलपाखरांबद्दल कधी केलं नव्हतं. ते सहज निघालं, आवाजही कापला नाही. त्यानं दांडा वर केला, गाडीवाल्याची शिवी ऐकून घेतली, चिठ्ठी दिली. परत वळला तेव्हा त्याचे खांदे दोन बोटं खाली आले होते. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि तीन वर्षं पुढे चालताना जो माणूस दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत नसे, तो बोलू लागला. घोंगडी कशी ओली झाली, बायको कशी हसली, अळ्यांना हातात घेतलं की त्या कशा मान वर करून बघत. “एक शेवटपर्यंत होती बघा. बाकीच्या सगळ्या पडल्या तरी ही पानाला धरून. मी तिला म्हटलं, तू तरी ऐक माझं. पाचव्या दिवसापर्यंत टिकली. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर कोष करायला जागा शोधत होती, इकडून तिकडे, इकडून तिकडे, नवीन घर बघायला आल्यासारखी. संध्याकाळी गेली.” हे सांगताना तो हसलासुद्धा. गाड्या येत होत्या, तो मधेच थांबे आणि जिथे थांबला तिथूनच पुन्हा सुरू करी. पाळी संपायला अजून दोन तास होते. ती स्टुलावर बसून सगळं ऐकत राहिली.